आधी अर्थिंग, मग शोरूम: कोकणातल्या इलेक्ट्रिक गाडीचा हिशेब

कोकणात इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "एका चार्जिंगमध्ये किती जाते?" विचारायलाच हवा, पण इथे राहणाऱ्या माणसासाठी तो तिसऱ्या-चौथ्या नंबरचा प्रश्न आहे. लांज्याहून रत्नागिरी, गुहागरहून चिपळूण, मालवणहून कुडाळ असं रोज जाऊन-येऊन करणाऱ्याचं अंतर आजच्या कुठल्याही इलेक्ट्रिक कारला सहज झेपतं. खरी गोम घरात आहे. मीटरपासून गाडीपर्यंत येणारी वायर, परड्यात कधीकाळी पुरलेलं अर्थिंग आणि डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) तुमचं घर किती लांब, या तीन गोष्टींवर सगळा खेळ अवलंबून असतो. म्हणून हा लेख गाडीबद्दल कमी आणि घरातल्या लाईटीबद्दल जास्त आहे.

आधी दोन शब्दांचा गोंधळ मिटवू. बॅटरी केवढी आहे ते किलोवॅट-अवरमध्ये सांगतात. हे लाईट बिलावरचं आपलं युनिटच. टियागो ईव्हीची मोठी बॅटरी २४ किलोवॅट-अवरची, म्हणजे तिच्यात २४ युनिट मावतात. एमजी कॉमेटमध्ये १७.३, नेक्सॉनच्या मोठ्या मॉडेलमध्ये ४५. नुसता किलोवॅट म्हणजे वीज किती वेगाने भरतेय तो आकडा. तीन एचपीचा विहिरीवरचा पंप साधारण सव्वादोन किलोवॅट खातो. घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी लावली की ती तीन किलोवॅटच्या आसपास ओढते, म्हणजे चार एचपीचा पंप सुरू केल्यासारखंच. फरक एवढाच, की शिंपणं तासाभरात आटपतं आणि गाडी सहा-आठ तास सलग ओढत राहते. आपल्याकडची घरची वायरिंग बहुतेक वेळा या 'सलग'साठी केलेलीच नसते.

रोजचा हिशेब मात्र फार सोपा आहे. छोटी-मध्यम इलेक्ट्रिक कार एका युनिटमध्ये साधारण सहा-सात किलोमीटर जाते. दिवसाला ४० किलोमीटर फिरलात तर सहा-साडेसहा युनिट लागले, चार्जिंगमध्ये थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते ती धरून सात. तीन किलोवॅटच्या सॉकेटवर ही भरपाई अडीच तासांत होते. रोज बॅटरी शून्यापासून शंभरपर्यंत भरायची आहे असा समज करून लोक महागड्या चार्जरच्या मागे लागतात, त्याची बहुतेकांना गरज नसते.

चार्जिंगचे प्रकार तीन. पहिला हा साध्या १५ अँपिअर सॉकेटचा. दुसरा भिंतीवर बसवायचा ७.२ किलोवॅटचा बॉक्स, जो ३२ अँपिअर ओढतो. तिसरा महामार्गावरचा डीसी फास्ट चार्जर. बॅटरीला डीसी वीज लागते आणि आपल्या घरात येते ती एसी. पहिल्या दोन प्रकारांत एसीचं डीसी करण्याचं काम गाडीच्या पोटातला ऑनबोर्ड चार्जर करतो. तो ३.३ किलोवॅटचा असेल तर भिंतीवर ७.२ चा बॉक्स लावून गाडी वेगाने भरणार नाही. फास्ट चार्जर हे रूपांतर बाहेरच करून थेट बॅटरीला वीज देतो, पण तिथेही गाडीची स्वतःची मर्यादा असतेच. चार्जरवर ६० किलोवॅट लिहिलंय आणि तुमची गाडी २५ च्या वर घेत नाही, तर २५ च मिळणार. पंपावर उभं राहून चार्जरला शिव्या देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या गाडीचीच ती मर्यादा असते.

आता वायर. कोकणात रस्ता वर आणि घर खाली हे चित्र नवं नाही. पाखाडी उतरून घर, गाडी वर रस्त्याला. मग घरातून वायर ओढून वर पॉइंट काढायचा. घरातल्या सॉकेटला सर्रास वापरतात ती अडीच एमएमची तांब्याची वायर ६० मीटर लांब नेली आणि तिच्यातून १३ अँपिअर सलग ओढले, तर जाऊन-येऊन साधारण ११-१२ व्होल्ट वायरीतच खर्च होतात आणि दीडशे वॉटची उष्णता त्या वायरीतच तयार होत राहते. तीच सहा एमएमची घातली तर पाच व्होल्टच्या आत भागतं. मुळात २३० व्होल्ट असतील तर १२ गेल्याचं काही वाटत नाही. पण संध्याकाळी मुळातच १९० येत असतील तर तेच १२ जड पडतात. वायर जमिनीखालून पाइपातून न्यावी. माडाखालून लोंबकळत नेलेली वायर पहिल्या वादळात झावळ पडून तुटते, आणि तुटलेली वायर ओल्या पाखाडीवर पडलेली असणं किती वाईट ते सांगायला नको.

सॉकेटही साधा प्लॅस्टिकचा नको. खाऱ्या हवेत पितळेच्या पट्ट्या हिरव्या पडतात, पकड सैल होते, आणि सैल जोडावरून तासन् तास १३ अँपिअर गेले की तो जोड तापतो. चांगल्या कंपनीचा १६ अँपिअरचा औद्योगिक पद्धतीचा, झाकण असलेला सॉकेट घ्या. चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासाने प्लगच्या बाहेरच्या बाजूला हात लावून बघा. कोमट ठीक आहे. हात ठेववत नसेल तर मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा.

आणि आता अर्थिंग, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

अर्थिंग म्हणजे बिघाड झाल्यास करंटला जमिनीत उतरायला करून दिलेली वाट. गाडी रबरी टायरांवर उभी असते. चार्जिंग चालू असताना आत कुठे शॉर्ट झालं आणि पत्र्यात करंट आला, तर त्याला जमिनीत जायला दुसरी वाट नसते. अनवाणी, ओल्या खळ्यात उभं राहून दाराला हात लावणारा माणूस हीच मग ती वाट होते. म्हणून गाडीचा चार्जर वीज घेण्याआधी अर्थिंग तपासतो. ते ठीक नसलं की लाल दिवा लावून बसतो, चार्जिंग सुरूच करत नाही. मग मालक वैतागून गाडी डीलरकडे नेतो, तिथे ती लगेच चार्ज होते, आणि "आमच्याकडे तर चालतेय" हे ऐकून माणूस परत येतो. दोष गाडीत नसतो, परड्यात असतो.

कोकणात हे जास्त का होतं? जांभ्यामुळे. जांभा सच्छिद्र, पाणी पटकन आत घेतो आणि पटकन सोडतो. पावसाळ्यात जमीन तुडुंब भिजलेली असते तेव्हा अर्थिंग उत्तम लागतं. मार्च उजाडला की सड्यावरची जमीन कोरडी ठणठणीत, आणि कोरडा जांभा विजेला वाट द्यायला तयार नसतो. त्यामुळे जुलैमध्ये मुकाट चाललेला चार्जर एप्रिलमध्ये रुसू शकतो. शिवाय बऱ्याच जुन्या घरांत अर्थिंग म्हणजे मीटरजवळ ठोकलेली हातभर सळई, एवढंच असतं. दिवे-पंख्यांना तेवढ्यावर चालून गेलं, गाडी ते चालवून घेत नाही.

उपाय खर्चिक नाही. जागा ओलीची निवडायची: विहिरीजवळ, न्हाणीचं पाणी जिथे केळींना जातं तिथे, पागोळीखाली नको कारण ती फक्त पावसाळ्यात ओली. खोल खड्डा, त्यात जाड जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप किंवा प्लेट, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला नळकांडं आणि झाकण. कातळच लागला आणि खड्डा होत नसेल तर बोअर मारून केमिकल अर्थिंग करतात, त्यात ओल धरून ठेवणारी पावडर भरलेली असते. मीठ लोखंड खातं, समुद्राकाठी तर जास्तच, म्हणून दोन-तीन वर्षांनी जोड उघडून बघायचे. उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी नळकांड्यात ओतायचं. आंब्याच्या कलमांना घालता तसंच, फक्त इथे फळ लागत नाही.

झालेलं काम तपासून घ्या. वायरमनकडे मल्टिमीटर असतोच. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात व्होल्टेज बघायला सांगा, चार्जिंगइतका लोड चालू असताना. दोन-तीन व्होल्ट असेल तर बरं. वीस-तीस असेल तर कुठेतरी गडबड आहे. अर्थ टेस्टर असेल तर उत्तमच, साधारण पाच ओहमच्या आत आलं पाहिजे. खिशातल्या टेस्टरचा दिवा लागतो की नाही यावरून अर्थिंगबद्दल काहीच कळत नाही.

एक जुगाड मात्र कुणी सुचवला तर त्या माणसाला चहा पाजून परत पाठवा. सॉकेटच्या आत न्यूट्रलची वायर अर्थला जोडायची, चार्जर फसतो, चार्जिंग सुरू होतं. वादळात पोलवरचा न्यूट्रल तुटणं आपल्याकडे नवीन नाही. तो तुटला की या जोडणीमुळे गाडीच्या सगळ्या पत्र्यात २३० व्होल्ट येतात, आणि त्याला वाट मिळते ती हात लावणाऱ्याच्या अंगातून. गाडीच्या लाइनला स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळायला लागला की लाईट तोडणारा स्विच) हवीच. वळवाचा आणि परतीचा पाऊस विजा घेऊन येतो, त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा अचानक आलेला झटका अडवणारा) बसवला तर चांगलं. गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवला तर अधिक चांगलं.

व्होल्टेजचं दुखणं सगळ्यांना ठाऊक आहे. लाइनच्या शेवटच्या टोकाला घर असलं की संध्याकाळी सात ते दहा ट्यूब फडफडते. गाडी तेव्हा लावली तर १३ अँपिअरवर २३० व्होल्टला जे तीन किलोवॅट मिळाले असते ते १८० ला २.३ होतात, आणि त्याहून खाली गेलं की चार्जर स्वतःच बंद पडतो. बहुतेक गाड्यांमध्ये चार्जिंगची वेळ लावायची सोय असते. रात्री बारानंतर लावा, तेव्हा गावाचे मिक्सर-टीव्ही झोपलेले असतात. स्टॅबिलायझर हा उपाय नाही. तो गाडीला व्होल्टेज नीट देतो, पण त्यासाठी लाइनवरून आणखी करंट ओढतो आणि शेजाऱ्याची ट्यूब विझते.

बिल हातात घ्या आणि 'मंजूर भार' बघा. एक-दोन किलोवॅट लिहिलं असेल तर गाडी, फ्रीज आणि पंप मिळून तो सहज ओलांडला जाईल. महावितरणकडे भार वाढवून घ्या. ७.२ चा बॉक्स बसवायचा असेल तर आठ-दहा किलोवॅट आणि बहुतेक वेळा थ्री फेज.

पैशाचं म्हणाल तर घरगुती दर टप्प्यांनी चढतो. पहिल्या १०० युनिटांपेक्षा पुढच्या १०१ ते ३०० चा दर जवळजवळ दुप्पट, ३०० च्या वर आणखी. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे गाडीचे १७५ च्या आसपास युनिट. घरचा खप ९० असेल तर गाडीची जवळपास सगळी वीज दुसऱ्या टप्प्यात पडते. वहन आकार आणि कर धरून युनिट १२ रुपयांच्या आसपास धरलं तर २,१०० रुपये. पेट्रोलची गाडी लिटरला १६ देत असेल तर तेच हजार किलोमीटर साडेसहा हजारांच्या घरात जातात. घरात आधीच एअर कंडिशनर चालत असेल तर गाडी बिल तिसऱ्या टप्प्यात ढकलते आणि फायदा कमी होतो. तेव्हा वाहन चार्जिंगसाठी वेगळं मीटर घेण्याचा विचार करा. त्याची वर्गवारी वेगळी आहे आणि दर खपाच्या टप्प्यांनी चढत नाही. महामार्गावरच्या फास्ट चार्जरचा दर युनिटला वीस रुपयांच्या वर-खाली असतो, तिथे पेट्रोलपेक्षा बचत होते पण घरच्याइतकी नाही. ज्याला घरी चार्जिंगची सोय नाही आणि जो फक्त बाहेरच्या चार्जरवर राहणार, त्याने माझ्या मते अजून थांबावं.

सोलरचा मोह होतोच. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॅट पॅनेल वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चार युनिटच्या आसपास देतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ, तेव्हा ते फार खाली येतं. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे जास्तीची वीज महावितरणला देऊन बिलात वळती करून घेण्याच्या सोयीत, उन्हाळ्यातली जमा पावसाळ्यात उपयोगी पडते. पण एक गोष्ट विकणारे क्वचित सांगतात: लाईट गेली की बॅटरी नसलेलं हे सोलरही बंद होतं, भर उन्हात सुद्धा. लाइनवर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या छपरावरून शॉक बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं.

आता रस्ता. घाट चढताना बॅटरी किती खाली जाईल याची लोकांना उगाच भीती वाटते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. माणसांसकट गाडी १,७०० किलोची आणि चढ ६०० मीटरचा धरला, तर फक्त उंची गाठायला पावणेतीन युनिट लागतात. अंतराचा खर्च वेगळा, तो सपाटीवरही झालाच असता. उतरताना मोटर उलटी चालून ब्रेकचं काम करते आणि त्यातले दीड-पावणेदोन युनिट बॅटरीत परत येतात. अट एवढीच, की बॅटरीत जागा हवी. घाटमाथ्यावर शंभर टक्के भरून लगेच उतरायला लागलात तर परत येणारी वीज ठेवायला जागा नसते, मोटरचा तो ब्रेक कमी लागतो आणि साध्या ब्रेकवरच यावं लागतं. घाटापेक्षा बॅटरी खातो तो महामार्ग ६६ वरचा चांगला झालेला पट्टा. ७० ऐवजी १०० ने गेलात की हवेचा अडथळा दुपटीने वाढतो. याउलट धोपावे-दाभोळ फेरीबोटीवर गाडी उभी राहून खाडी ओलांडते आणि बॅटरी जागच्या जागी. धक्क्यावर चाकं खाऱ्या पाण्यात गेली तर घरी येऊन खालून गोड्या पाण्याने धुवा. तो नियम पेट्रोलच्या गाडीलाही आहेच.

चार्जर मुख्यतः महामार्गाला धरून आहेत. किनाऱ्याकडे वळलात की ते विरळ होत जातात. गणपतीच्या आधीच्या दोन दिवसांत चाकरमान्यांचा लोंढा येतो तेव्हा पेट्रोलला पाच मिनिटं लागतात, चार्जिंगला पाऊण तास. पुढे चार गाड्या असल्या की तीन तास गेले. तेव्हा ३०-४० टक्के असतानाच थांबायला लागा, म्हणजे हा चार्जर भरलेला असला तर पुढच्यापर्यंत जाता येईल. आणि ८० टक्क्यांवर निघा. त्यापुढे बॅटरी सांभाळण्यासाठी वेग मुद्दाम कमी केलेला असतो, शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या पन्नासाइतका वेळ लागू शकतो आणि मागचा माणूस तुमच्याकडे डोळे वटारून बघतो. गावच्या घरी पोचलात की १५ अँपिअरचा सॉकेट आणि पाच दिवसांचा गणपती, त्यात कुठलीही बॅटरी आरामात भरते.

पावसात चार्जिंग चालतं. चार्जरची गन (गाडीत खोचायचं टोक) गाडीत बसून लॉक झाल्यावर गाडी आणि चार्जर आधी एकमेकांशी संदेशांची देवाणघेवाण करतात, सगळं ठीक असलं तरच वीज सोडली जाते. धोका गनमध्ये नसून भिंतीवरच्या उघड्या सॉकेटमध्ये आहे. बॅटरीला आयपी ६७ दर्जा असेल तर ती मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरेल अशी चाचणी झालेली असते. पण २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तसं पाणी अर्ध्या तासात ओसरत नाही. गाडी पुरात राहिली तर सुरू करू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका. उचलून सर्व्हिस सेंटरला न्या. विमा घेताना बॅटरीचं वेगळं संरक्षण आहे का ते विचारा.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या काही गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. अशा वेळी काही गाड्यांमधली व्ही-टू-एल सोय कामाची आहे: गाडीच्या चार्जिंग पोर्टला अडॅप्टर लावून तीन किलोवॅटपर्यंत उपकरणं चालवता येतात. फ्रीज, दोन पंखे, दिवे आणि फोन मिळून दिवसाला तीन युनिट धरले, तर ४५ युनिटची भरलेली बॅटरी थोडी राखून ठेवूनही दहा-बारा दिवस पुरते. उपकरणं थेट अडॅप्टरलाच लावा. घराच्या सॉकेटमध्ये उलटी वीज सोडली तर ती पोलवर जाते, आणि पोलवर लाइनमन चढलेला असतो. वादळाचा इशारा आला की मग शंभर टक्के भरून ठेवा, एरवी रोज ८० पुरे.

होमस्टे चालवणाऱ्यांना आजकाल फोनवर पहिला प्रश्न येतो, "चार्जिंग आहे का?" केंद्राच्या वीज मंत्रालयाने २०१८ पासूनच हे स्पष्ट केलंय, की चार्जिंग स्टेशन चालवायला वीजविक्रीचा परवाना लागत नाही. सुरुवातीला फास्ट चार्जर वगैरे काही नको. पार्किंगजवळ नीट अर्थिंग केलेले दोन १५ अँपिअरचे पॉइंट, प्रत्येकाला स्वतंत्र एमसीबी, आरसीसीबी आणि सबमीटर एवढं भागतं. महावितरणला कळवून भार आणि वर्गवारी आधी नीट करून घ्या, कारण पाहुण्यांच्या गाड्यांना विकलेली वीज घरगुती दरात दाखवणं अंगाशी येऊ शकतं. रात्रभरात एक गाडी २०-२५ युनिट घेईल. युनिटचा दर खोली देतानाच सांगा, सकाळी सबमीटरचा आकडा पाहुण्यासमोर वाचा आणि जेवणाच्या बिलात त्याची वेगळी ओळ लिहा.